आपण की आम्ही? : महासाथीतलं थायलंड आणि तिथले परदेशी

 

आज आपण थायलंडबद्दल बोलणार आहोत, पण तीन दिवस पट्टाया आणि दोन दिवस बँकॉक अशा सहलीच्या थायलंडबद्दल नाही. २०१९ साली त्या देशात जवळजवळ चार कोटी परदेशी पर्यटक आले. त्यांत सुमारे वीस लाख भारतीय होते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये विमानं थांबली आणि हळूहळू पर्यटक निघून गेले. मागे राहिले ते तिथे बिऱ्हाड करून राहणारे परदेशी. त्यांत नोकरदार होते, व्यापारी होते, निवृत्त मंडळी होती, थाई माणसाशी लग्न केलेले होते, शिक्षक होते, स्वयंपाकी होते, आणि संख्येनं या सगळ्यांहून कितीतरी जास्त असलेले म्यानमार, कंबोडिया आणि लाओसचे कामगार होते. या लोकांनी तो काळ कसा काढला, आणि कुणाचा कसा जाईल हे कशावरून ठरलं, हा आजचा विषय.

आम्ही त्या काळात बँकॉकमध्येच होतो. पण आजचं बोलणं आठवणींवर बेतलेलं नाही. आठवण ज्याची त्याची वेगळी असते. आज आपण नियम बघू या, कारण परक्या देशात राहणाऱ्याचं आयुष्य नियमांवर चालतं, आणि ते कसं चालतं हे नियम बदलले की कळतं.

परदेशी माणसासाठी तीन शब्द

सुरुवात शब्दांपासून करू. थाई लोक बोलताना परदेशी माणसाला एकाच शब्दानं ओळखत नाहीत.

पहिला शब्द 'फरांग'. गोऱ्या, पाश्चात्त्य माणसासाठी. आपल्याला हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण आपला 'फिरंगी' आणि हा 'फरांग' एकाच घरातले. फारसीतून एक इकडे आला, एक तिकडे गेला. (गंमत म्हणजे पेरू या फळालाही थाईमध्ये फरांगच म्हणतात.)

दुसरा शब्द 'खॅक'. हा आपल्यासाठी. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, अरब, मलय, असे सगळे यात येतात. या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. बँकॉकच्या सिलोम भागात मारियम्मन देवीचं जुनं देऊळ आहे, तमिळ लोकांनी बांधलेलं. थाई माणूस त्याला 'वाट खॅक' म्हणतो, म्हणजे पाहुण्यांचं देऊळ. पाहुराट भागात कापडाचा धंदा करणारी शीख कुटुंबं आहेत, त्यांच्या तीन-चार पिढ्या तिथे झाल्या. त्यांच्याकडे थाई नागरिकत्व आहे, मुलांचं थाई अस्खलित आहे. तरी बोलीभाषेत ते खॅकच.

तिसरा शब्द 'तांग दाओ'. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ नुसता 'परदेशी नागरिक'. म्हणजे कागदावर अमेरिकन बँकरही तांग दाओच. पण वर्तमानपत्रात, रस्त्यावर, बोलण्यात हा शब्द आला की डोळ्यांसमोर येतो तो म्यानमारचा मजूर. कोळंबी सोलणारा, बांधकामावर विटा वाहणारा, घरकाम करणारी बाई.

तर फरांग, खॅक आणि तांग दाओ. तिघंही परदेशी, तिघंही एकाच शहरात. महासाथ आली तेव्हा विषाणूच्या दृष्टीनं तिघांत काही फरक नव्हता. व्यवस्थेच्या दृष्टीनं होता. तो कसा, ते पुढे बघू.

उघड्या सीमेवर उभी असलेली व्यवस्था

साथीच्या आधी परदेशी माणूस थायलंडमध्ये कसा राहत होता, हे आधी समजून घेऊ.

कायमस्वरूपी रहिवासाचा परवाना फार थोड्यांना मिळतो. बाकी सगळे परवानगीवर राहतात, आणि परवानगी बहुतेक वेळा वर्षाची असते. वय पन्नासच्या वर असेल आणि निवृत्त म्हणून राहायचं असेल, तर थाई बँकेत ८ लाख बाट ठेवा किंवा महिन्याला ६५ हजार बाटांचं उत्पन्न दाखवा. नोकरी असेल तर कंपनीच्या नावावर व्हिसा आणि वर्क परमिट. नोकरी गेली की राहण्याची परवानगीही संपली. थाई नागरिकाशी लग्न केलं असेल तर त्याचे वेगळे कागद. शिवाय दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. तुम्ही घरी आलात की चोवीस तासांत घरमालकानं 'टीएम-३०' नावाचा फॉर्म भरायचा. देशाबाहेर जायचं असेल तर आधी री-एंट्री परमिट काढायचं, नाहीतर व्हिसा रद्द. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २० हजार.

ऐकायला हे जाचक वाटतं, पण लोक सरावले होते. आणि काही अडलंच तर एक पळवाट सगळ्यांना माहीत होती. बसनं कंबोडियाच्या किंवा लाओसच्या सीमेवर जायचं, पलीकडे शिक्का मारून घ्यायचा, परत यायचं. कित्येक लोक वर्षानुवर्षं असेच राहत होते.

म्हणजे बघा, या सगळ्या व्यवस्थेखाली एक गोष्ट गृहीत धरलेली होती. सीमा उघडी आहे. तुम्हाला इथे राहता येत नसेल तर तुम्ही जाऊ शकता. 'पाहुणा' या शब्दातही तेच आहे ना? पाहुण्याला त्याचं स्वतःचं घर असतं आणि तो तिथे परत जाऊ शकतो. मार्च २०२० मध्ये हे गृहीतकच कोसळलं.

सीमा बंद झाली तेव्हा

चीनबाहेरचा पहिला रुग्ण थायलंडमध्येच सापडला होता, १३ जानेवारी २०२० ला. वूहानहून आलेली एक प्रवासी महिला. त्यानंतर दोन महिने आकडे कमी राहिले. मार्चमध्ये ते वाढले. २२ मार्चपासून बँकॉकमधली मॉल आणि बहुतेक दुकानं बंद झाली, उपाहारगृहांत बसून जेवण बंद झालं. २६ मार्चला आणीबाणीचा हुकूम लागू झाला. तो पुन्हा पुन्हा वाढत ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत चालला. ३ एप्रिलपासून रात्री दहा ते पहाटे चार संचारबंदी. ४ एप्रिलपासून बाहेरून येणाऱ्या प्रवासी विमानांना बंदी.

आता मुदत संपत आलेल्या माणसानं काय करायचं? सीमेवर जाता येत नाही, विमान नाही, आणि मायदेशानंही दारं लावून घेतलेली. भारतानं २३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली होती. मार्चच्या शेवटी इमिग्रेशन कार्यालयांबाहेर शेकडो लोकांच्या रांगा लागल्या. एकमेकांपासून अंतर ठेवा असं सरकार सांगत होतं, आणि सरकारचाच नियम पाळण्यासाठी लोक खेटून उभे होते. महिनाभराची मुदतवाढ हवी तर आपापल्या दूतावासाचं पत्र आणा, असंही सांगितलं जात होतं.

एप्रिलमध्ये सरकारनं शहाणपणाचा निर्णय घेतला. २६ मार्चपासून ज्यांची मुदत संपत होती, त्यांना आपोआप मुदतवाढ. अर्ज नाही, दंड नाही, रांग नाही. नव्वद दिवसांची हजेरीही माफ. ही सवलत आधी ३० एप्रिलपर्यंत होती, मग ३१ जुलै, मग २६ सप्टेंबर, आणि शेवटी ३१ ऑक्टोबर २०२० पर्यंत गेली. हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण थायलंडबद्दल बोलताना लोक एक तर नुसती स्तुती करतात, नाहीतर नुसती तक्रार. लाखो माणसं एका रात्रीत बेकायदा ठरू शकली असती. ती तशी ठरू दिली नाहीत. बऱ्याच श्रीमंत देशांना हे इतक्या सरळपणे जमलं नाही.

आणि त्या वर्षीचं थायलंड राहायला खरोखर सुरक्षित होतं. मेच्या मध्यावर नवे रुग्ण शून्यावर आले. मेअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे शंभर दिवसांहून जास्त काळ, देशात स्थानिक संसर्गाची एकही नोंद झाली नाही. यामागे एक जुनी यंत्रणा होती. गावोगावचे आरोग्य स्वयंसेवक, दहा लाखांच्या वर. आपल्या 'आशा' ताईंसारखे, पण कित्येक दशकं आधीपासून काम करणारे. ते घरोघरी जायचे, बाहेरगावाहून कोण आलं याची नोंद ठेवायचे.

रस्त्यांवर त्याच सुमारास एक सुंदर गोष्ट दिसायला लागली. लोकांनी फुटपाथवर लहान कपाटं मांडली. ज्याला जमेल त्यानं त्यात तांदूळ, नूडल्स, अंडी, पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, ज्याला गरज असेल त्यानं घ्यायच्या. नाव होतं 'तू पान सुक'. 'तू' म्हणजे कपाट, 'पान' म्हणजे वाटणं, आणि 'सुक' म्हणजे आपलंच 'सुख'. सुख वाटायचं कपाट. त्या कपाटाशी पासपोर्ट कुणी विचारत नव्हतं.

'राव' या शब्दात कोण कोण?

सरकारी मदतीचं मात्र तसं नव्हतं. आणि इथे आजच्या विषयाचा गाभा आहे.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये थाई सरकारनं असंघटित कामगारांसाठी महिना ५ हजार बाट, तीन महिने, अशी योजना आणली. एक कोटीहून जास्त लोकांना तिचा लाभ मिळाला. योजनेचं नाव होतं 'राव माय थिंग कान'. 'राव' म्हणजे आपण. आपण एकमेकांना सोडून देत नाही. फार मनाला भिडणारं नाव आहे.

पण एक अट होती. अर्जदार थाई नागरिक हवा.

आता आपल्या मराठीची एक खुबी बघा. 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात येतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. रोज बोलताना आपण हा फरक न चुकता करतो. इंग्रजीत तो नाही, थाईतही नाही. थाई 'राव' म्हणजे आपणही आणि आम्हीही. त्यामुळे बँकॉकमध्ये राहणारा परदेशी माणूस टीव्हीवर 'राव माय थिंग कान' ऐकायचा तेव्हा त्याला वाटायचं, या 'राव'मध्ये मी आहे. अर्ज उघडल्यावर कळायचं की हा 'राव' म्हणजे 'आम्ही'.

कुणी म्हणेल, यात वावगं काय? प्रत्येक देश आधी आपल्या नागरिकांचं बघतो. बरोबर आहे. पण पुढची गोष्ट ऐका. थायलंडमध्ये सामाजिक सुरक्षा निधी आहे, आपल्याकडच्या ईएसआय आणि पीएफची मिळून एक आवृत्ती समजा. त्यात नोंदणी असलेला प्रत्येक नोकरदार, थाई असो की परदेशी, पगारातून हप्ता भरतो. पहिल्या लाटेत सरकारनं या निधीतून काम बंद पडलेल्यांना पगाराच्या ६२ टक्के भत्ता दिला. मोजणी जास्तीत जास्त १५ हजार बाट पगारावर, म्हणजे महिन्याला ९,३०० बाटांच्या वर नाही. यात नोंदणी असलेले परदेशीही पात्र होते. चांगलं झालं. पण २०२१ मध्ये याच निधीच्या सभासदांसाठी ४ हजार बाटांची नवी मदत जाहीर झाली. तिचं नाव 'राव राक कान', आपण एकमेकांवर प्रेम करतो. हप्ता भरणारे सगळे, पण ही मदत फक्त थाई नागरिकांना. कोळंबीच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका, दोघींच्या पगारातून सारखीच कपात. एकीवर प्रेम, दुसरीवर नाही. आपल्या भाषेत बोलायचं तर हप्ता घेताना 'आपण' आणि देताना 'आम्ही'.

आपल्या लोकांपुरतं बघितलं तर सगळ्यांत जास्त कोंडी झाली ती भारतीय उपाहारगृहांतल्या स्वयंपाक्यांची. त्यांचा व्हिसा मालकाच्या नावावर. पट्टायातलं, फुकेतमधलं हॉटेल पर्यटकांवर चालणारं. पर्यटक नाहीत म्हणून हॉटेल बंद, हॉटेल बंद म्हणून पगार नाही, आणि दुसरीकडे काम धरायचं तर नवं वर्क परमिट हवं. ते देणार कोण? सगळीच हॉटेलं बंद. मे २०२० पासून 'वंदे भारत' मोहिमेची विमानं सुरू झाली, पण तिकीट ज्याचं त्यानं काढायचं होतं. तीन महिने पगार न मिळालेल्या माणसाला तेही सोपं नव्हतं.

बाहेर अडकलेले

देशात अडकलेल्यांबद्दल बोललो. आता बाहेर अडकलेल्यांकडे वळू.

कुणी मार्चमध्ये आठवडाभरासाठी मायदेशी गेला होता. घर बँकॉकमध्ये, बायको-मुलं बँकॉकमध्ये, नोकरी बँकॉकमध्ये, आणि हा इकडे. जुलै २०२० पासून काही परदेशी लोकांना परत येऊ देऊ लागले. पहिल्या यादीत कोण होतं बघा. थाई नागरिकांचे पती-पत्नी आणि मुलं, कायम रहिवासी, वर्क परमिटवाले, विद्यार्थी, आणि उपचारांसाठी येणारे रुग्ण. निवृत्त लोकांचा नंबर नंतर लागला. दहा-पंधरा वर्षं तिथे घर असलेले म्हातारे-कोतारे महिनोन् महिने दुसऱ्या देशात वाट बघत बसले.

परत येण्यासाठी दूतावासाकडून 'सर्टिफिकेट ऑफ एंट्री' हवं. त्यासाठी एक लाख अमेरिकन डॉलरचं आरोग्य विमा संरक्षण, ७२ तासांच्या आतली चाचणी, आणि ठरवून दिलेल्या हॉटेलात स्वतःच्या खर्चानं विलगीकरण. थाई नागरिकांसाठी सरकारी विलगीकरण फुकट होतं. ही पद्धत नोव्हेंबर २०२१ पर्यंत चालली. मग तिच्या जागी 'थायलंड पास' आला, तो जुलै २०२२ मध्ये गेला.

हे सगळं कागदी वाटेल, म्हणून त्याचा अर्थ सांगतो. एप्रिल-मे २०२१ आठवा. आपल्याकडची दुसरी लाट. ऑक्सिजनसाठी धावाधाव, स्मशानांबाहेर रांगा. त्याच वेळी, १ मे २०२१ पासून, थायलंडनं भारतातून येणाऱ्या बिगर-थाई प्रवाशांची प्रवेशपत्रं रद्द केली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनं हा निर्णय समजण्यासारखा होता, अनेक देशांनी तेच केलं. पण बँकॉकमधल्या भारतीय माणसासाठी त्याचा अर्थ असा, की पुण्यात किंवा नागपुरात वडील व्हेंटिलेटरवर आहेत, जायला कसंबसं विमान मिळेल, परत यायला मिळणार नाही. गेलो तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर व्हिसा जाईल, बायको-मुलं इथे अडकतील. कित्येकांनी आई-वडिलांचे अंत्यविधी फोनच्या पडद्यावर बघितले. परदेशी राहण्याची ही किंमत पगाराच्या हिशोबात कुणी आधी मांडलेली नसते.

मोजदादीबाहेरची माणसं

आता तिसऱ्या शब्दाकडे येऊ. तांग दाओ.

बँकॉकच्या नैर्ऋत्येला, तासाभराच्या अंतरावर समुत साखोन नावाचा प्रांत आहे. मासळीचा मोठा व्यापार, कोळंबी साफ करून गोठवून जगभर पाठवणारे कारखाने. आपल्या फ्रीजपर्यंत पोहोचणारी कोळंबीसुद्धा अशाच हातांतून जाते. काम करणारे बहुतांश म्यानमारचे. एका खोलीत अनेक जण, पाळीपाळीनं झोपणारे. कुणाकडे कागद आहेत, कुणाकडे नाहीत, कुणाचे संपलेत.

डिसेंबर २०२० च्या मध्यावर तिथल्या महाचाई कोळंबी बाजारातली एक विक्रेती आजारी पडली. ती थाई होती. आजूबाजूच्यांच्या चाचण्या झाल्या आणि १९ डिसेंबरला एकाच दिवशी पाचशेहून जास्त रुग्ण जाहीर झाले, जवळजवळ सगळे म्यानमारचे कामगार. तोवर अख्ख्या देशात वर्षभरात जेमतेम चार हजारांच्या वर रुग्ण झाले होते. सरकारनं बाजार आणि शेजारची कामगारांची इमारत काटेरी तारा लावून बंद केली. हजारो माणसं आत. पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांनी बेकायदा स्थलांतराकडे बोट दाखवलं. समाजमाध्यमांवर म्यानमारच्या लोकांबद्दल वाट्टेल ते लिहिलं गेलं. त्यांना बसमध्ये घ्यायला, दुकानात येऊ द्यायला लोक नकार देऊ लागले.

पण हे झालं का, याचं कारण शांतपणे बघितलं पाहिजे. शंभर दिवस शून्य रुग्ण, या आकड्यात ही माणसं होती का? ज्याच्याकडे कागद नाहीत तो ताप आला तरी दवाखान्यात जात नाही. गेला तर पोलीस येतील ही भीती. नोंद नाही म्हणून चाचणी नाही, चाचणी नाही म्हणून रुग्ण नाही. यादी स्वच्छ दिसते. संसर्ग यादीबाहेर पसरत राहतो.

आश्चर्य असं, की थायलंडला हे आधीपासून माहीत होतं! परदेशी मजुरांसाठी तिथे आरोग्य विमा कार्ड कित्येक वर्षांपासून आहे. तेव्हा मोठ्या माणसासाठी वर्षाला १,६०० बाट, तपासणीचे ५०० वेगळे, आणि लहान मुलासाठी वर्षाला ३६५ बाट, म्हणजे दिवसाला एक. कागद नसलेल्यांनाही ते घेता यावं, इतका मोकळा विचार त्यामागे होता. जगात फार कमी देशांनी असं केलं आहे. कारण साधं होतं. शेजारच्याचा क्षयरोग बरा झाला नाही तर माझ्या मुलाला होईल. पण हे कार्ड घेणं बहुतेकदा मालकावर, पैशांवर आणि बदलत्या नियमांवर अवलंबून राहिलं, आणि खूप माणसं त्याच्या बाहेर राहिली.

समुत साखोननंतर दहा दिवसांनी, २९ डिसेंबरला मंत्रिमंडळानं कागद नसलेल्या कामगारांना नोंदणीची संधी दिली. म्हणजे आधी तार लावली, मग मोजायला घेतलं. क्रम उलटा असता तर?

हाच क्रम पुढच्या वर्षी पुन्हा दिसला. जून २०२१ च्या अखेरीस बँकॉक परिसरातल्या बांधकाम कामगारांच्या छावण्या महिनाभर बंद केल्या. हुकूम लागू होण्याआधीच बरेच जण रातोरात गावाकडे निघून गेले. आपल्याला हे चित्र नवीन नाही. मार्च २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून पायी निघालेली माणसं आपण बघितली आहेत. ती तर आपल्याच देशाची नागरिक होती.

तेरा आकडे

शेवटचा टप्पा लशीचा. ७ जून २०२१ ला थायलंडची मोठी लसीकरण मोहीम सुरू झाली. तिचा आधार ॲस्ट्राझेनेकाची लस. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट 'कोविशील्ड' नावानं जी करत होती तीच, तिथे सियाम बायोसायन्स करत होती.

नोंदणीसाठी 'मोर प्रोम' नावाचं ॲप होतं, अर्थ 'डॉक्टर तयार आहेत'. ॲप मागत होतं तेरा आकडी थाई ओळख क्रमांक. परदेशी माणसाकडे असतो पासपोर्ट क्रमांक. झालं, अडलं. लस सर्वांना मिळेल, देशात राहणाऱ्या प्रत्येकाला मिळेल, असं सरकार सांगत होतं आणि ते मनापासून असेलही. पण यंत्राला तेरा आकडे हवे होते. धोरणात 'आपण', फॉर्ममध्ये 'आम्ही'.

मग ज्याची त्याची धावपळ. फ्रान्सनं आपल्या नागरिकांसाठी स्वतः लसी आणल्या. ऑगस्टमध्ये परराष्ट्र मंत्रालयानं परदेशी रहिवाशांसाठी वेगळं संकेतस्थळ उघडलं. मोठ्या कंपन्यांतल्या लोकांची सोय कंपन्यांनी बघितली. त्याच ऑगस्टमध्ये दिवसाला २० हजारांच्या वर रुग्ण सापडत होते. इंग्रजी संकेतस्थळ वाचता येणारा, दूतावासात ओळख असणारा माणूस उशिरा का होईना रांगेत लागला. कोळंबी सोलणारी बाई या सगळ्यांच्या मागे. तिच्यापर्यंत पोहोचले ते तिच्याच भाषेत बोलणारे स्वयंसेवक आणि कामगारांच्या संस्था.

यातून काय घ्यायचं?

थोडक्यात मांडतो. प्रत्येक देशाच्या दोन याद्या असतात. एक, इथे राहायची परवानगी कुणाला आहे याची. दुसरी, इथे प्रत्यक्षात कोण राहतं याची. शांततेच्या काळात या दोन याद्या जुळल्या नाहीत तरी गाडी चालते. साथीत चालत नाही. पहिली यादी पोलिसांच्या कामाची, दुसरी डॉक्टरांच्या. डॉक्टरांनी पोलिसांची यादी हातात घेतली की आजार तिच्या बाहेर वाढतो. थायलंडनं जिथे दुसरी यादी वापरली, म्हणजे आपोआप मुदतवाढ, गावोगावचे स्वयंसेवक, मजुरांचं आरोग्य कार्ड, तिथे ते जिंकले. जिथे पहिली वापरली, तिथे समुत साखोन झालं.

ज्यांची मुलं-माणसं परदेशात आहेत त्यांच्यासाठी व्यवहाराच्या तीन गोष्टी. एक, राहण्याची परवानगी कशाला बांधलेली आहे? नोकरीला असेल तर नोकरी गेल्यावर किती दिवस मिळतात, हे आजच विचारून ठेवा. दोन, विमा कुठल्या देशात चालतो आणि साथीचा आजार त्यात आहे का? तीन, घाईनं परत यावं लागलं तर पुन्हा जाता येईल का? री-एंट्रीचा कागद गरज पडण्याआधी काढायचा असतो.

इथे एका श्रोत्यांचा प्रश्न आला होता, तो घेऊन थांबतो. त्यांनी विचारलं, "इतका त्रास होता तर हे लोक परत का नाही आले?"

काही आले. पण बाकीच्यांचं घर तिथेच होतं. मुलांची शाळा तिथे, दुकान तिथे, कर्जाचे हप्ते तिथे. म्यानमारच्या कामगारांना तर १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर परत जायला जागाच उरली नाही. पाहुण्याला परत जायला घर असतं असं आपण सुरुवातीला म्हटलं. या लोकांपैकी बहुतेक जण केव्हाच पाहुणे राहिलेले नव्हते, फक्त त्यांच्या कागदांवर तसं लिहिलेलं नव्हतं. आणि हे फक्त थायलंडचं नाही. आपल्या शहरात, आपल्या सोसायटीच्या बांधकामावर, आपल्या घरी कामाला येणारी माणसं कुठल्या यादीत आहेत, हे पुढच्या साथीच्या आधी विचारायला हरकत नाही.